मागच्या डब्यातलं वजन

"तू हायेस खरा," आमची गाडी चालवणारे ज्ञानूमामा म्हणाले, "पर पयल्याइतका न्हाईस. आज गाडी नको सोडाया."

मी वावटळीच्या मागच्या डब्यात बसलो होतो आणि मामा माझा दंड चाचपून बघत होते. बाजारात बोकड बघतात तसं. जानेवारी संपत आला तरी थंडी हटत नव्हती. डोंगरावरून येणारा वारा लोखंडी खांबांतून शीळ घालत होता. मामांनी कानटोपीवरून मफलर आणि मफलरवरून उपरणं असा कडेकोट बंदोबस्त केला होता.

"मामा, शेवटचा बुधवार आहे," मी म्हणालो.

"आसंल. गाडीला कुटं कळतंय बुधवार हाय का बेस्तरवार? पोती न्हेली त्या भंगारवाल्यानं. वंगण घट झालंय. वारा तोंडावर हाय. दोन मानसांवर दुसरा चढ चढायची न्हाई ती. मधीच बसंल."

"चढेल. मी आहे ना."

"त्येच म्हनतोय मी," मामा म्हणाले. "तू कुटं हायेस?"

वावटळ म्हणजे आमचा रोलर कोस्टर. कराडच्या अलीकडे हायवे सोडून आत डोंगराच्या पायथ्याशी नवलबाग नावाचा पार्क होता, त्यात तो होता. आता तिथे काही नाही. खांब कापून नेल्यावर उरलेले सिमेंटचे चौथरे तेवढे गवतात दिसतात, आणि नव्या पोरांना सांगितलं की इथून माणसं किंचाळत खाली यायची, तर ती माझ्याकडे संशयानं बघतात. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. माझं वजन केव्हाच पुन्हा जागेवर आलंय.

वावटळ आमच्याकडे आली तेव्हाही नवी नव्हती. परदेशातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या पार्कातून मालकांनी ती सेकंडहँड उचलली होती. खोकी भरभरून जहाजानं आली. आमचा पिवळा रंग जिथे खरवडला जायचा तिथे खालचा निळा रंग आणि आम्हा कोणालाच न वाचता येणारी अक्षरं दिसायची. मामांनी ती अक्षरं एकदा मला बोटानं दाखवली होती आणि म्हणाले होते, हिचं माहेरचं नाव.

पण तिची एक खोड होती. तिकडची माणसं अंगानं भरलेली, आणि गाडी त्यांच्या बेतानं बांधलेली. आपल्याकडची काटकुळी कॉलेजची पोरं अर्धीमुर्धी गाडी भरून बसली की पहिल्या चढावर साखळी तिला ओढून न्यायची, पहिला उतार झोकात व्हायचा, पण दुसऱ्या चढाला तिला धाप लागायची. माथ्याला टेकायला जाऊन ती मागे घसरायची आणि दोन चढांच्या मधल्या, तरी झाडांच्या शेंड्याइतक्या उंच खोलगटात डुलत डुलत थांबायची. धोका काही नसायचा. पण लोकांना एकेक करून शिडीनं उतरवायचं आणि मग गाडी चेन ब्लॉकनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, खेचून काढायची, यात अख्खा दिवस जायचा आणि अब्रूही जायची.

त्यावर तोड म्हणून मागच्या डब्यात वाळूची पोती ठेवून पाहिली. पोत्यांबरोबर बसायचं म्हटल्यावर गिऱ्हाइकांचं तोंड वाकडं होई. मग मॅनेजरनी माणूस ठेवायचं ठरवलं, आणि नेमका त्याच आठवड्यात मी तिकीट खिडकीच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो.

त्यांनी माझं प्रमाणपत्र उघडूनही पाहिलं नाही. "वजन किती?" म्हणाले.

"शंभराच्या पुढे, साहेब. आमच्या गावच्या दवाखान्यातला काटा त्याच्या पुढे जात नाही."

"उद्यापासून या," ते म्हणाले.

तोवर माझ्या वजनानं माझं फक्त नुकसानच केलं होतं. मुली पाहायला गेलो की कांदेपोहे यायचे, आणि मी दुसरी बशी नको म्हणालो तरी घरातली माणसं एकमेकांकडे बघायची. चार दिवसांनी निरोप यायचा, मुलगा चांगला आहे, पण. त्या ‘पण’च्या पुढे कोणी काही सांगत नसे. तेव्हा आपल्या देहाची कोणाला तरी गरज आहे, ही गोष्टच मला नवी होती. खोटं कशाला सांगू, मी खूश झालो.

मॅनेजरचा नियम एकच होता. "थोरवे, तुम्ही नोकर नाही, तुम्ही गिऱ्हाईक. घरच्या कपड्यात यायचं. हातात तिकीट धरायचं. कोणाशी बोलायचं नाही. लोकांना वाटलं पाहिजे, गाडीला माणसं आहेत." मी शेडमधूनच गाडीत बसून यायचो, फेरी झाली की गाडीबरोबरच शेडमध्ये जायचो. पुढचे लोक पुढच्या पुढे उतरून जायचे. दिवसभर लोकांबरोबर बसून मी कोणाच्याच बरोबर नसायचो. सुरुवातीला त्याची मजा वाटायची. मग हायवेवर तो मोठा वॉटरपार्क झाला, आमच्याकडची गर्दी आटली, आणि कधी कधी सकाळपासून दुपारपर्यंत मी आणि मामा दोघंच त्या बागेत एकमेकांची तोंडं बघत बसू लागलो.

दिवाळीनंतर ती यायला लागली. दर बुधवारी, सकाळच्या एसटीनं, एकटी. जवळच्या गावातल्या दवाखान्यात नवीन सिस्टर आली आहे, लांबची आहे, वर्ध्याकडची, एवढं मामांनी फाटकावरच्या बाईकडून काढून आणलं. ती सरळ चालत यायची, अगदी पुढच्या डब्यात बसायची, मांडीवरचा दांडा स्वतःच खाली ओढून घ्यायची. मामा प्रत्येक फेरीला ओरडून सांगायचे, "हात आत, मान सरळ, मागं बघायचं न्हाई!" आणि ती खरंच कधी मागे बघत नसे. ओरडतही नसे. मी तिचा चेहरा जेवढा पाहिला त्याच्या कितीतरी पट तिचा आंबाडा पाहिला. काळ्या जाळीतला, घट्ट, एकही केस बाहेर नसलेला. त्या आंबाड्यावर माझा जीव जडला. हसायचं त्यानं हसावं.

आणि मी जेवण सोडलं. अगदी सोडलं नाही, पण सकाळी एक भाकरी आणि रात्री ताक. चहात साखर बंद. शिफ्ट संपली की डोंगराला वळसा घालून पायी खोलीवर. बाग बंद व्हायच्या आत एकदा हिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, नाव सांगायचं, आणि ते अशा अंगानं सांगायचं की तिच्या मनात तो ‘पण’ येता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. मी वाळत गेलो तसतशी मामांनी माझ्या बाजूला वाळूची पोती वाढवली. मामी माझ्यासाठी भाकरी बांधून द्यायच्या, ती मी मामांनाच परत द्यायचो. "जीव देतोस का काय?" मामा विचारायचे. मी हसायचो. विजारीला नाडी नवी घातली होती.

फेब्रुवारी लागला की फाटकाला कुलूप, असं मालकांनी सांगून टाकलं. भंगारवाला दोन दिवस आधीच येऊन मोजमापं घेऊन गेला आणि जाताना टेम्पोत पोतीही टाकून घेऊन गेला. त्याला वाळू कशाला हवी होती कोणास ठाऊक.

तर असा तो शेवटचा बुधवार.

"आली बग," मामा म्हणाले.

ती फाटकातून येत होती. अंगात निळा स्वेटर, खांद्याला पर्स. बंद पडलेल्या पाळण्यापाशी क्षणभर थांबून तिनं वर पाहिलं आणि मग आमच्याकडे वळली.

"मामा, हात जोडतो. सोडा गाडी."

मामांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना सगळं कळत होतं असं मला वाटतं. "आडकली तर माज्या नावानं बोंबलू नगंस," एवढंच म्हणाले आणि कंट्रोलच्या खोलीत गेले.

गाडी शेडमधून फलाटावर आली. ती पुढे बसली. दांडे खाली आले, कुलपं बसली. मामा ओरडले, "हात आत, मान सरळ, मागं बघायचं न्हाई!" साखळीनं खडखडत आम्हाला वर न्यायला सुरुवात केली. मधले सगळे डबे रिकामे. त्या रिकाम्या बाकांच्या पलीकडे तिचा आंबाडा.

माथ्यावरून गाडी सुटली. पहिला उतार नेहमीसारखाच झाला, पोटात गोळा आणणारा. पण खाली आल्यावर मला लगेच कळलं की आज तिच्यात जोर नाही. दुसऱ्या चढावर ती हळू झाली, अजून हळू झाली, आणि माथा अगदी हातावर आला असताना थबकली. मी मूर्खासारखा बसल्या जागी पुढे झुकलो, जणू त्यानं काही होणार होतं. गाडी मागे सुटली. दोन-चार झोके खाऊन खोलगटात शांत उभी राहिली. चाकांचा आवाज थांबला आणि वाऱ्याचा सुरू झाला.

"अडकली का?" तिनं विचारलं.

पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तो असा.

"हो," मी म्हणालो. "घाबरू नका. मामा वर येऊन दांडे उघडतील. बाहेरूनच उघडतात ते. जरा वेळ लागेल, त्यांचे गुडघे दुखतात."

"घाबरत नाही मी. थंडी तेवढी वाजून राहिली."

तिला मागे वळायची सोय नव्हती, दांडा मांडीवर घट्ट बसला होता. मलाही उठता येत नव्हतं. खाली, गवताच्या उतारावर आमच्या गाडीची लांब सावली पडली होती. पुढे तिचं डोकं, मग नुसतेच डबे, आणि मागे मी. ती त्या सावलीकडे बघत असावी.

"तुम्ही आजच आलात का इथे?" ती म्हणाली.

"मी?"

"नाही, एरवी मागे एक गृहस्थ असतात. चांगले जाडजूड. सावली पाहिली म्हणून विचारते. ते असते तर गाडी अशी अडली नसती."

जाडजूड. तीन महिने मी ताकावर काढले होते ते याच शब्दासाठी. आणि आता तीच म्हणत होती की तो माणूस मागे नाही. मला हसू फुटलं. अंगात एकदम वारं शिरल्यासारखं झालं.

"तो जाड्या होय?" मी म्हणालो. "गेला तो. आता काही यायचा नाही."

मनात म्हटलं, खाली उतरलो की हिच्यासमोर जाऊन उभा राहीन आणि सांगेन, की बाई, तो गेला आणि त्याच्या जागी हा आलाय. किती हसेल ती. ते हसू मी आधीच डोळ्यांसमोर बघत होतो.

वाऱ्यानं तिच्या स्वेटरची कॉलर फडफडली, तिनं ती हातानं धरली.

"गेले म्हणजे?" ती म्हणाली. "गाव सोडून?"

"हो, म्हणजे… तसंच."

"असे कसे गेले न सांगता," ती म्हणाली. मग स्वतःलाच समजावल्यासारखी, "सांगतील तरी कोणाला म्हणा."

तिथे माझं हसू गेलं.

"तुमची ओळख होती त्यांच्याशी?" मी विचारलं.

"ओळख कसली? चेहराही धड पाहिला नाही. फाटकातून येताना लांबून दिसायचे गाडीत बसलेले, तेवढंच." ती थांबली. "तुम्ही परके आहात म्हणून बोलते हं. परत काही आपली भेट व्हायची नाही."

"बोला ना."

"मी इथे बदलीवर आले. दवाखान्यात दिवसभर माणसंच माणसं, पण सगळी दुखणी घेऊन आलेली. क्वार्टरवर गेलं की भिंती. शेजारीण बोलते, पण पोरांच्या शाळेचं आणि गॅसच्या नंबराचं. पहिल्यांदा इथे आले ते एका सोमवारी, नुसता वेळ जावा म्हणून. गाडीत बसले, वाटलं आपण एकट्याच. आणि पहिला उतार आला तेव्हा मागून एक भार आला. पाठीवर कोणी हात ठेवावा ना, तसा. म्हटलं, मागे कोणीतरी आहे बाप्पा."

मी दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

"मग दर बुधवारी आले. ते होतेच. आपल्यासारखेच एकटे. तिकीट काढून येतात, मागे बसतात, ओरडत नाहीत, काही नाही. मला कळायचं, यांच्याही घरी कोणी वाट बघणारं नसेल. नाहीतर कामाच्या दिवशी सकाळी सकाळी कोण येतं हो इथे? या एवढ्या बागेत दोनच माणसं हौसेनं येणारी, एक मी आणि एक ते. याचंच मला फार वाटायचं."

आता सांगू कसं? तोंड उघडलं असतं तर एका दमात दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. तो जाड्या मीच. आणि त्याच्या हातातलं तिकीट मॅनेजरनी दिलेलं असायचं, मागे बसणं हीच त्याची नोकरी होती. खाली मामा दिसले. त्यांनी शिडीला हात घातला होता आणि पहिल्याच पायरीवर दम खात उभे होते.

"आज बोलायचं ठरवून आले होते," ती म्हणाली. "आणि आजच ते नाहीत."

"काय बोलणार होतात?"

"काही मोठं नाही. माझी परत वर्ध्याला बदली झालीय. मागूनच घेतली होती. साहेब म्हणाले, विचार बदलला तर शुक्रवारपर्यंत सांगा, रद्द करू. म्हटलं, त्यांना एकदा विचारून पाहावं, बाग बंद झाल्यावर बुधवारी तुम्ही कुठे जाल?" ती हसली. "किती वेडेपणा ना. एवढ्याशा गोष्टीवर बदली."

"वेडेपणा नाही," मी म्हणालो. "सिस्टर, तो मीच आहे."

ती एकदम ताठ झाली. आंबाडासुद्धा हलायचा थांबला.

"मी सिस्टर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मामांनी. ऐका, खरंच मीच तो. मी तीन महिने जेवलो नाही, म्हणून हे असं—"

"हे पाहा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज दवाखान्यातला होता, "मी माणूस समजून बोलले. त्याची अशी थट्टा करू नका."

"थट्टा नाही हो."

"मी त्यांना पाहिलंय. तुमची सावली ही समोर पडलीय. आता कृपा करून बोलू नका माझ्याशी."

मामांच्या पायांचा आवाज लोखंडी फळ्यांवरून जवळ येत होता. त्यांची मी कधी नव्हे एवढी वाट बघत होतो. म्हटलं, मामा आले की सांगतील, मामांचं तरी ती ऐकेल. आणि त्याच वेळी भीती होती, की मामा नोकरीचंही सांगतील.

मामा आधी तिच्याजवळ गेले. रीतच तशी होती, पाहुणा आधी. कुलपाची दांडी खटकन ओढून त्यांनी तिला हात दिला आणि रुळांशेजारच्या फळीवर उभं केलं.

"भ्यायला न्हाईसा न्हवं, बाई?"

"नाही. मामा, एक विचारू? ते नेहमीचे गृहस्थ, मागे बसायचे ते, ते कुठे गेले?"

"कोन?"

"जाडसे होते ते."

"आवो, त्योच की ह्यो!" मामा मोठ्यानं हसले. "आमचा भालचंद्र! निस्तं चिपाड करून घेतलंय सोताचं. वळकू यीना व्हय? आवो, मागं वजन पायजे म्हनून सायबानी पगारावर ठेवलं त्येला, आन् ह्यो वजनच घालवून बसला! म्हनून तर आडकली गाडी."

ती वळली. एवढ्या बुधवारांत तिनं पहिल्यांदा मागे पाहिलं. गोल, सावळा, अगदी साधा चेहरा होता. डोळे लाल झाले होते, ते वाऱ्यानं की कशानं, सांगता येत नाही. तिनं माझ्या अंगावर ढगळ झालेला शर्ट पाहिला, दांड्याच्या आणि माझ्या पोटाच्या मधली रिकामी जागा पाहिली.

"पगारावर," ती म्हणाली.

"सिस्टर, ऐकून घ्या—"

"मी काय काय सांगितलं तुम्हाला," ती अगदी हळू म्हणाली. "आणि तुम्ही ते ऐकत बसलात."

मी काहीतरी बोलायला गेलो, पण ती चालायला लागली होती. फळीच्या कडेचा कठडा धरून, घाईनं. मामा घाबरले. "आवो बाई, सावकाश! निसरडं हाय!" म्हणत ते तिच्यामागे निघाले. मला म्हणाले, "तू दम धर, ह्यांना उतरवून येतो." दोघं शिडीनं उतरू लागले. मी तसाच कुलपात.

वरून सगळी बाग दिसत होती. घोड्यांचं चक्र, त्यावर ताडपत्री. कोरडं तळं, त्यातल्या उलट्या घातलेल्या होड्या. तिकिटाची खिडकी. आणि त्या सगळ्यातून जाणारी निळ्या स्वेटरची ती. ती पळत नव्हती, पण जवळजवळ पळतच होती. फाट्यावर एसटी येऊन उभी असल्याचं मला वरून दिसत होतं, तिला खालून दिसत नसेल. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत होता.

दांडा मी जोर लावून वर ओढला. तो काय हलणार. इतका वाळलो होतो तरी तेवढा काही वाळलो नव्हतो.

मग मी ओरडलो. त्या गाडीत बसून मी एवढ्या फेऱ्या मारल्या, पण कधी ओरडलो नव्हतो. नोकरीचा नियमच होता तो. आता छाती फुटेस्तोवर ओरडलो.

"सिस्टर! बुधवारी माझी सुट्टी असते!"

वारा समोरून होता. माझा आवाज माझ्याच तोंडावर आपटला. ती चालत राहिली.

"बुधवारी माझी सुट्टी असते हो! मी सुट्टीच्या दिवशी येतो!"

शिडीच्या पायथ्याशी मामा गुडघे चोळत उभे होते. त्यांनी वर बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. त्यांचा हात कपाळावर गेला.

"आरं तिच्या मायला," ते म्हणाले. शब्द ऐकू आले नाहीत, पण ते हेच म्हणाले असणार. आणि ते धावायला लागले. साठीचा माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण पाय फाकवून फाकवून धावत होते. उपरणं सुटून मागे पडलं, मग मफलर. त्यांचा आवाज मात्र माझ्यापेक्षा मोठा होता, सगळी हयात माणसांवर ओरडण्यात गेलेली.

"ओ बाई! थांबा! आवो, बुधवारचा त्येला पगार न्हाई! बुधवारी पोती आसत्यात त्येच्या जागी! ह्यो यडा पोती उतरून सोता बसतोय! ओ बाई! त्यो तुमच्यासाटनं येतोय हो!"

ती फाटकाबाहेर पडली होती. भिंतीमुळे मला आता ती दिसत नव्हती. एसटीनं हॉर्न दिला, धुरळा उठवला आणि निघाली. मामा फाटकापर्यंत पोचले, रस्त्यावर गेले, दोन्ही हात वर करून हलवत राहिले. बस वळणावर दिसेनाशी झाली.

मग ते मागे फिरले. फाटकात उभं राहून त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि लांबूनच नाही अशी मान हलवली. बाजूच्या ओट्यावर बसले. मला सोडवायला यायला हवं हे त्यांना ठाऊक होतं, पण ते बराच वेळ उठले नाहीत, आणि मीही हाक मारली नाही.